मे महिन्यात यवतमाळात तबकडी कशी ऐकावी

विनाइलच्या आवाजात एक ‘ऊब’ असते म्हणतात. ती मिळावी म्हणून पुण्या-मुंबईचे रसिक वाल्व्हचे ॲम्प्लिफायर शोधत फिरतात. आपल्याकडे पारा 44-45ला टेकला की ऊब फुकट मिळते.

आधी टिनाखालच्या माळ्यावरून तबकड्या उतरवा. विनाइल 60-70 अंशांच्या आसपास नरम पडू लागतं, आणि तापल्या टिनाला ती मजल फार अवघड नाही. एकदा एलपीचा पापड झाला की सुई धुऱ्यावर चढलेल्या बैलगाडीसारखी हेलकावे खाते. तबकड्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीवर सासऱ्यांचा फोटो ठेवू नका, कितीही जड आणि भारदस्त असला तरी.

आता खरी अडचण. कोरड्या हवेत विनाइलवर स्थिर वीज साचते आणि गावभरची धूळ पृष्ठभागावर ओढून घेते. यावर उतारा म्हणजे ओलसर हवा, म्हणजेच कूलर. पण कूलर सुरू केला की आलाप कुठला आणि पंखा कुठला, कळत नाही. बंद केला की श्रोते उठून जातात. जाणकारांनी सवय म्हणून मान हलवत राहावी.

यातून सुटका एकच, लाइट जाणं. ती वेळ साधून आजोबांचा चावीचा ग्रामोफोन काढा. त्याला वीज लागत नाही, कूलरही आपोआप गप्प. मात्र त्यावर एलपी चढवाल तर पोलादी पिन खाचा सोलून काढेल. 78 फेऱ्यांची लाखेची तबकडीच लावा आणि दर बाजूला पिन बदला. लाखेत मिसळलेली दगडी पूड पिनेचं टोक घासून खाते. त्या तबकडीवर मेहकरच्या ना. घ. देशपांडेंची ‘शीळ’ असेल, जी. एन. जोशींनी 1930च्या दशकात गायलेली, तर नशीब काढलंत. मराठी भावगीत इथूनच सुरू झालं असं मानणारे बरेच आहेत. वऱ्हाडी माणसाने यावर वाद घालू नये.

खरखर ऐकून शेजारी विचारेल, “काय तळून राह्यले जी?” त्याला आत बोलवा, पाणी द्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळतात, चावी पूर्ण भरा.

आणि कूलरचा खटका आधीच बंद करून ठेवा. लाइट नेमकी अंतऱ्याला येते.