बाटलीचं बहुमत

आमदार व्हायला निम्मी मतं लागत नाहीत. दुसऱ्यापेक्षा एक जास्त पडलं की गुलाल. गावातली बाटली आडवी करायला, म्हणजे दारूचं दुकान मतदानाने बंद करायला, मात्र एवढ्यावर भागत नाही. आधी किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, त्या सह्यांची पडताळणी होणार, मग गुप्त मतदान. त्यात निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला हवीत, आणि तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या. म्हणजे ऊसतोडीला गेलेली पाथर्डीची बाई, माहेरी गेलेली सून आणि यादीतून नाव काढायचं राहून गेलेली कैलासवासी आजी, सगळ्यांची मतं न मागता उभ्या बाटलीच्या खात्यात! एवढं भक्कम बहुमत मंत्रिमंडळालाही नसतं.

वाइनचं प्रकरण त्याहून सोवळं. जानेवारी २०२२मध्ये सरकारने ती सुपरमार्केटात ठेवायला मान्यता दिली : दुकान किमान १०० चौरस मीटरचं आणि वाइनला वेगळं, कुलपाचं कपाट. कारण अर्थातच शेतकऱ्याचं हित. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा कुठे लोकांना काय वाटतं ते विचारण्याचं सरकारला सुचलं.

पिणाऱ्यालाही नियम आहेच. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली त्याला परवाना लागतो; एका दिवसाचा दुकानातच मिळतो, आजन्मही मिळतो. कशासाठी, तर नियमाच्या भाषेत, आरोग्य राखण्यासाठी.