डब्यातला खुराक

एडिसन, न्यू जर्सी
11 जानेवारी

ती. मामंजी आणि सौ. आत्याबाई यांना साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत. बर्फ पडतंय, चिऊ शाळेत जाते आणि तुमचे चिरंजीव जिमला जातात. या शेवटच्या बातमीसाठीच पत्राचा खटाटोप. फोनवर सांगून पाहिलं होतं, पण मामंजींना 'जिम'चं 'जमीन' ऐकू आलं आणि अर्धा तास 'किती एकर, पहाणी कुणाच्या नावावर' यातच गेला. ओळखीचे एक जण हैदराबादला उतरून बीदरकडे येणार आहेत, त्यांच्या हाती हे देतेय.

झालं असं की यांच्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 5.9 निघाला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची हद्द. आपण सीमाभागातली माणसं, आजारसुद्धा सीमेवरचाच निघाला! डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, अंग हलवा. झालं, पैलवानाचं रक्त उसळलं. ठाणाकुशनूरच्या जत्रेतला फेटा बांधलेला फोटो कपाटातून निघून फ्रिजवर चिकटला. आता दार उघडलं की आधी पंचवीस वर्षांपूर्वीचे हे दिसतात, मग दही.

जिममधल्या पोरानं पहिल्याच आठवड्यात डब्यांची यादी हातात ठेवली. लग्नाच्या बस्त्याची यादी याहून आखूड असते. हे दुकानात गेले आणि सगळ्यात मोठा डबा उचलून आणला, कारण त्याच्यावर नाकातून वाफ सोडणारा काळा बैल होता. मामंजी सोबत असते तर आधी त्याचे दात पाहिले असते. यांनी चित्र पाहिलं, मी पाठ वाचली. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं, असा इथला नियम आहे. पहिलं नाव होतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पोटात गेलं की झटक्यात साखर होणारं पिठूळ. एका वेळची मात्रा तीनशे ग्रॅमच्या वर. डबा होता वाळक्या पोरांचं वजन वाढवण्यासाठी, आणि आणला कुणी, तर साखर हद्दीवर आलेल्या गृहस्थांनी! परत करायला गेले, तर सील फोडलेलं.

दुसरा डबा व्हे प्रोटीनचा. आत्याबाई, हे तुमच्या ओळखीचं आहे. दूध नासलं की वरचं पाणी तुम्ही कणकेत मळता ना, तेच. चीज करणारे एकेकाळी ते फेकून द्यायचे नाहीतर डुकरांना पाजायचे. आता ते गाळून, सुकवून, त्यात चॉकलेटचा वास घालून विकतात. मामंजींच्या तालमीत ताक हौद्यातल्या मातीला आणि दूध पैलवानाला असा हिशोब होता, इथं दुधाच्या पाण्यालाही भाव आहे. पण वस्तू खोटी नाही. 32 ग्रॅमच्या चमच्यात 24 ग्रॅम प्रथिनं मिळतात. ते औषध नाही, जादू नाही, आटवलेलं अन्न आहे. तो डबा ठेवला.

तिसऱ्या डब्याची हकिकत मात्र तपशिलानं सांगायला हवी. तो व्यायामाआधी अंगात जोर आणण्यासाठी घ्यायचा. एका संध्याकाळी यांनी निळं पाणी ढवळून पिलं आणि थोड्या वेळानं कानाच्या पाळ्या चोळत बाहेर आले. "अगं, तोंडाला मुंग्या यायल्यात." बघता बघता मुंग्या मानेवर उतरल्या, हाताला लागल्या. मी 911 लावायला फोन उचलला. आत्याबाई, खोटं कशाला सांगू, डोळ्यांपुढं तुमचाच चेहरा आला की आता तुम्हाला काय सांगायचं! तेवढ्यात चिऊनं डबा उलटा करून वाचलं: बीटा-अलानिन. त्यानं कातडीला मुंग्या येतात, घातक नसतं, तासाभरात उतरतं. मुंग्या उतरल्या, पण त्याच चमच्यात 300 मिलिग्रॅम कॅफीन होतं, म्हणजे कपभर कॉफीच्या तिप्पट. धडधाकट माणसाला दिवसभरात 400 च्या वर नको म्हणतात. रात्री एक वाजता हे गॅरेजमध्ये बसून स्क्रू लहान-मोठे निवडत होते. गॅरेज लखलखीत झालं, हे फायद्याच्या बाजूला लिहून ठेवते.

चौथ्या डब्याला बीसीएए म्हणतात. शरीराला बाहेरून लागणारी अमिनो आम्लं नऊ, त्यातली तीन या डब्यात. व्हेमध्ये नऊच्या नऊ असतात. एकाच मालाला दोनदा पैसे मोजायचे असले तर घ्यावा. चरबी जाळणाऱ्या गोळ्यांची बाटली तर मी यांना हातातच धरू दिली नाही. जळतो तो खिसा.

राहिला क्रिएटिन. आत्याबाई पहिला प्रश्न विचारणार, "त्यात मांस नाही ना?" नाही. हा पदार्थ 1832 साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाला मांसात सापडला हे खरं, आणि आपलं शरीरही तो थोडाफार करतं. पण डब्यातला कारखान्यात रसायनांपासून बनतो. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या अंगात तो कमी असतो, म्हणून आपल्यासारख्या माळकरी घरातल्या माणसाला त्याचा गुण जरा जास्तच येऊ शकतो. रोज तीन ते पाच ग्रॅम, साधा मोनोहायड्रेट. ना चव, ना रंग, ना डब्यावर बैल, आणि सगळ्यांत स्वस्त. सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्यांपैकी हा एक, म्हणून दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर! सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून काटा किलोभर पुढं जातो, आणि रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर डॉक्टर मूत्रपिंडाची चौकशी करतात. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय.

पूड घेतली, कॅप्सूल नाही. कॅप्सूलचं टरफल पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे गाई-डुकरांच्या हाडा-कातड्यांचं असतं, आणि इथं आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका छापायची सक्ती नाही. माळ गळ्यात असो वा नसो, वाचून घ्यावं लागतं.

आणि सरकार तपासत नाही का, असं मामंजी विचारतील. 1994 साली इथं कायदा झाला. त्यानुसार असे डबे विक्रीला काढण्याआधी सरकारची मंजुरी लागत नाही, माल चोख असल्याची जबाबदारी कंपनीची. 'ताकद वाढते' असलं काही पुढं छापलं, की 'या दाव्याची एफडीएनं तपासणी केलेली नाही' हेही छापावं लागतं. दावा बोटभर जाड अक्षरात, कबुली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. म्हणून आम्ही एनएसएफ किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्ट असा त्रयस्थ प्रयोगशाळेचा शिक्का पाहतो. आणि ज्या डब्यावर 'आमचं खास मिश्रण' लिहून कशाचे किती ग्रॅम ते सांगत नाहीत, तो खाली ठेवतो.

मामंजी म्हणतील, "1970 ला एडिंबरोहून कुस्तीचं सुवर्णपदक आणणाऱ्या हरिश्चंद्र बिराजदारांनी कुठला डबा फोडला होता?" बरोबर आहे. पण त्यांचा दिवस आखाड्यात जायचा, यांचा खुर्चीत जातो. दूध, तूप, बदाम, थंडाईचा तो खुराक या खुर्चीला घातला तर 5.9 चे सात व्हायला वेळ लागणार नाही. चिऊनं वहीत हिशोब मांडला. यांचं वजन 84 किलो; व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅम धरलं तर 126 ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात 30 ग्रॅम तूरडाळ असली तर प्रथिनं साडेसहा ग्रॅम. भाकरीची पाच-सहा. दही, शेंगदाणे, उसळ सगळं जमेला धरून गाडी सत्तर-ऐंशीवर अडते. उरलेल्याला दोनेक चमचे. डब्याचं काम तेवढंच.

येळवशीच्या सणाचे फोटो मोबाईलवर पाहिले. कोप, आंबील, आणि ती भज्जी! हिरवी तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, वर बेसन आणि ताक. चिऊ म्हणाली, "आई, हे तर प्रोटीन बाऊल!" इथं एवढुसा वाडगा पंधरा डॉलरला देतात आणि वर आंबील नाही.

आता आत्याबाई, खरं काम तुमच्याकडे आहे. वहीच्या खालच्या ओळीत चिऊनं तुमचंही नाव लिहिलंय. वजन 52. साठीनंतर स्नायू आपोआप झिजतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाला किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे तुम्हाला किमान 52. तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर जेवता. तोवर डाळ मामंजींच्या आणि गड्यांच्या ताटात गेलेली असते, तुमच्या वाटीत वरचं पाणी. मागच्या खेपेला बसल्या जागेवरून उठताना तुम्ही हात टेकत होता, ते मी पाहिलं. घरात अंग कमवायची गरज कुणाला असेल तर ती तुम्हाला. डबा नको. एकदा भालकीला जाऊन मूत्रपिंड ठीक आहे एवढं तपासून घ्या. मग दोन्ही वेळा घट्ट वरण, पेलाभर दूध, मूठभर फुटाणे-शेंगदाणे, आणि सकाळी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस.

मामंजी, वस्ताद तुम्ही. मोजायला बसा. आणि पंगतीत पहिली वाटी आत्याबाईंच्या ताटात, घट्टातली.

कळावे, लोभ असावा.

तुमची सून

ता. क. त्या बैलाचा डबा रिकामा करून सोबत पाठवतेय. पूड कचऱ्यात गेली, पण डबा मजबूत आहे, दाण्याचा कूट आरामात मावेल. मामंजींना आधीच सांगा, चित्रातला बैल देवणी नाही. ना वानेरा, ना शेवरा. उगीच जात विचारत बसू नका.