सोळा बिटांच्या इंटास खुले पत्र

मेल्या इंटा,

स.न.वि.वि. लिहीत नाही, ती तुझी लायकी नाही. टर्बो सी ह्या जुन्या सी कंपायलरच्या निळ्या पडद्याआड पूर्णांक ठेवायची पेटी म्हणून बसून तू आमच्या मालवणच्या पोरांना फसवतोस, त्याचा जाब विचारायला हे पत्र आहे.

वर्गातल्या एका मुलीने रापणीचा हिशेब प्रोग्राममध्ये मांडला. सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं आणि आलेल्या पैशाचे वाटे घालायचे, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. २०० किलो बांगडे, किलोला २०० रुपये. हे दोन आकडे तिने तुझ्या हवाली केले, रक्कम ठेवायला मात्र शहाणपणाने तुझा मोठ्या मापाचा भाऊ लाँग घेतला. पडद्यावर आलं उणे २५,५३६.

"सर, ह्या उणा खयसून इला?"

सांग ना तिला! तुझी धाव उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढीच. ४०,००० तुझ्यात मावत नाहीत, तेव्हा त्यातून ६५,५३६ वजा होतात आणि उरलेलं तू बिनदिक्कत उत्तर म्हणून देतोस. डावीकडे लाँग असून उपयोग नाही, कारण गुणाकाराचा प्रकार त्यात भाग घेणाऱ्या आकड्यांवरून ठरतो. दोन्हीकडे तूच असलास की उत्तर आधी तुझ्या मापात नासतं, मग लाँगमध्ये जातं. गुणाकाराआधी एका आकड्याचा लाँग करून घेतला की तुझी लबाडी चालत नाही. पण तू ओरडतोस कुठे? प्रोग्राम थांबत नाही, चूक दाखवत नाही. मावत नाही म्हणायची तुझ्यात हिंमत नाही, हा तुझा खरा गुन्हा.

भागाकारातही तेच. ४०,००० रुपयांचे ६० वाटे घातले तर पूर्णांकांच्या भागाकारात प्रत्येकाला ६६६ मिळतात आणि ४० रुपये कुणाच्याच हाती लागत नाहीत. दशांशी आकड्यांच्या फ्लोटमध्ये उत्तर साठवलं तरी ६६६च, कारण दशांश आधीच गेलेला असतो. बाकी काढायचं टक्क्याचं चिन्ह हे ४० रुपये लगेच दाखवतं. मुलांना ते पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

आणि हे फक्त वर्गापुरतं नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. भाषा एडा होती, पण माप तुझंच: ६४ बिटांचा दशांशी आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला आणि तो मावला नाही. सोबत चार उपग्रह गेले.

तुझे साथीदारही मला ठाऊक आहेत. 'इंट म्हणजे दोन बाइट' हा तक्ता मुलांकडून घोकून घेणारे आम्ही शिक्षक आणि तोच तक्ता पुन्हा पुन्हा छापणारी गाइडं. सी भाषेचं मानक एवढंच म्हणतं की इंटमध्ये निदान ३२,७६७ पर्यंतचे आकडे मावावेत. आजच्या बहुतेक संगणकांवर तो चार बाइटांचा असतो आणि २,१४७,४८३,६४७ पर्यंत जातो. ज्या मुलांना हे कुणी सांगितलं नाही, ती परीक्षेत पास होतात आणि पहिल्याच खऱ्या हिशेबात बुडतात.

पुढच्या प्रॅक्टिकलला तक्ता पुसलेला असेल. प्रत्येक जण आधी साइझऑफ वापरून तुझं माप छापून पाहील, मग ३२,७६७ मध्ये एक मिळवून तू काय करतोस तेही पाहील. त्यानंतरच रापणीचे वाटे घातले जातील, पैशांत मोजून, लाँगमध्ये.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेला,
मालवणचा एक संगणक शिक्षक