ब्रिजवाले काका

ब्रिजवाले काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. निवृत्तीनंतर कोणी चारधाम करतं, कोणी गावच्या घरावर नवे पत्रे घालतं. काका ग्रॅच्युइटीतून वरचे पुढचे चार दात झिर्कोनियात बांधून घेतात. तेव्हापासून त्यांच्या तोंडात दात नसतात, 'काम' असतं. "आपलं काम नाजूक आहे हो," म्हणत ते हुरडा पार्टीत ताकाचा पेला धरून बसतात. पेरूच्या पातळ चकत्या हव्यात, भाकरी दुधात कुस्करलेली हवी, कणसाचे दाणे काकूंनी सुरीने काढून द्यायचे. लोणावळ्याहून चिक्की आणतात ती पाहुण्यांसाठी, आणि पाहुणा कडाकडा चावू लागला की स्वतः तोंड फिरवतात. ब्रिजची पावती आणि वॉरंटी कार्ड फ्लॅटच्या इंडेक्स टूच्या फायलीत असतं.

अशा काकांच्या पित्ताशयात खडे निघाले.

पोटाला चार भोकं पाडणार, पित्ताशयच काढून टाकणार, हे त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. "पूर्ण भूल द्यावी लागेल, घशात नळी घालू," असं सर्जन म्हणाले मात्र, काकांचा हात आपोआप ओठावर गेला. "घशात म्हणजे तोंडातूनच ना?"

पुढचा आठवडा जो भेटेल त्याला प्रात्यक्षिक. मी सहज चौकशीला गेलो, तर काकांनी काकूंच्या हातातला वरणाचा डाव काढून घेतला. "हे त्यांचं लॅरिंगोस्कोप. वाकडं पातं, मॅकिंटॉश नावाच्या डॉक्टरने १९४३ साली काढलेलं. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत शिरतं, जीभ डावीकडे लोटतं. आता हे उचलायचं असतं, तरफेसारखं दाबायचं नसतं. पण घाईत दाबलं, तर टेकणार कुठे?" डाव वरच्या दातांपासून बोटभर अंतरावर थांबला. "इथे. त्यातही बहुधा डावीकडे." वरणाचा थेंब सदऱ्यावर पडला, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. काकू म्हणाल्या, "अहो, आधी जिवंत परत या." त्यावर काका म्हणाले, "मेलो तर एलआयसी आहे. दाताला कोण आहे?"

खरं सांगायचं तर काकांची भीती अगदीच खुळी नव्हती. भूल देताना दात दुखावतात, आणि त्यात पुढच्या कॅपा, ब्रिज, हलते दात यांचा नंबर वरचा. निखळलेला तुकडा श्वासनलिकेत गेला तर मामला पैशांचा राहत नाही. लाजेपायी हलता दात लपवणारा पेशंट भूलतज्ज्ञांना नको असतो. काका तर एक्स-रे घेऊन गेले होते.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या. "आ करा. जीभ बाहेर काढा." आत डोकावून त्यांनी कागदावर लिहिलं, मॅलमपट्टी तीन. काकांनी विचारलं, "तीन म्हणजे पास ना?" मॅलमपट्टी हे आंध्रात जन्मलेल्या एका डॉक्टरांचं नाव, त्यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आकडा जितका मोठा तितकी नळी घालायला अडचण जास्त, असं बाईंनी समजावलं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "कवळी, कॅप, हलता दात काही?" या प्रश्नाची वाट काका ब्रिज बसल्या दिवसापासून बघत होते. एक्स-रे, पावती, मोबाइलवर तीन बाजूंनी काढलेले फोटो, सगळं टेबलावर आलं. बाईंनी मन लावून पाहिलं आणि कागदावर ठळक अक्षरांत नोंद केली. "घाबरू नका काका. इंग्लंडच्या भूलतज्ज्ञांचा आकडा आहे, दातावर उपचार करावे लागतात ते साडेचार हजारांत एकाला."

"सोसायटीत पार्किंगची लॉटरी निघते तेव्हा गटाराजवळची जागा दरवेळी मलाच लागते," काका म्हणाले. "तो एक मीच."

त्यांचा मूड हलका करावा म्हणून बाईंनी गोष्ट सांगितली. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर ऑपरेशन झालं, तेव्हा भूल देणारा मॉर्टन हा दातांचाच डॉक्टर होता. काकांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. जिन्यात म्हणाले, "बघ. हे दोघं पहिल्यापासून आतून मिळालेले."

संमतीपत्रावर मृत्यूच्या कलमाखालून त्यांची नजर न अडखळता निघून गेली. दातांच्या ओळीशी पेन थांबलं. 'ब्रिज वगळून' असं हाताने लिहू का, अशी त्यांनी सिस्टरना विचारणा केली. सिस्टर म्हणाल्या, "काका, मागे अजून नऊ पेशंट आहेत."

ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर येताना माणसं देवाचं, आईचं नाव घेतात. काकांची जीभ आधी डावीकडून उजवीकडे फिरली, मग उजवीकडून डावीकडे. घसा बसलेला, तरी आरसा मागितला. सगळं जागच्या जागी पाहून त्यांचा चेहरा किंचित पडल्यासारखा मला वाटला. इतके पुरावे जमवले होते!

हल्ली सोसायटीत कोणाला ॲडमिट व्हायचं असलं की काका डबा पोहोचायच्या आत पोहोचतात. परवा तळमजल्यावरच्या आजोबांचं मोतीबिंदूचं होतं. "दातांचं सांगितलंत का डॉक्टरांना?"

"अरे, डोळ्याचं ऑपरेशन आहे. थेंब टाकून करतात. आणि मला एक दात नाही, कवळी आहे."

काका खुर्ची ओढून बसले. "मग पावती कुठे ठेवलीय?"