वळवलेलं पाणी आणि न वळणारी पोरं

पदवीला पर्यावरण हा विषय सक्तीचा असतो आणि त्यात क्षेत्रभेटही असते. तो शिकवतात भूगोलाचे सर. मी मराठीचा. पण सहलीला दोन मास्तर लागतात, म्हणून कोयनेला जाणाऱ्या गाडीत माझी वर्णी लागली. "तुम्ही फक्त डोकी मोजा," असं सरांनी बजावलं होतं.

पाटण मागे पडलं तसा सरांना कंठ फुटला. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकला एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिथून पुढे थेट बंगालचा उपसागर. अरबी समुद्र डोंगराच्या पलीकडेच असताना एवढी पायपीट कशाला, असं मी विचारलं. सर म्हणाले, "डोंगर आडवा आहे." हेच उत्तर इंजिनियरांनाही मिळालं असणार, त्यांनी डोंगराला बोगदे पाडले.

आधी जंगल, मग धरण असा कार्यक्रम होता. नवजाच्या बाजूला गाडी थांबली. पाऊस सरता सरता मधूनच आठवण करून देत होता. वाट दाखवायला गावातले एक काका होते. शंभर पावलांत पहिली किंकाळी आली. जळू! मग किंकाळ्यांची साथच पसरली. वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी "सजीवसृष्टीत प्रत्येकाचं स्थान असतं" असं समजावत होती, ते तिच्या घोट्यावर जळूने स्थान घेईपर्यंत. शेवटी शिपाई मामा पुढे आले. कॉलेजच्या आवारात त्यांच्या ज्या तंबाखूवर बंदी आहे, ती त्यांनी पाण्यात कालवली आणि सगळ्यांच्या पायांना चोपडली. भूगोल विभागाने पायापुरती बंदी उठवली.

सर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशी झाडांची ओळख करून देत होते. पोरं ती नावं टिपून घेत होती आणि मान वर न करता पुढच्या झाडाकडे जात होती. काकांची पद्धत वेगळी. त्यांनी पालापाचोळ्यावर पाय दाबला. बोटांच्या फटीतून पाणी वर आलं.

"पाऊस पडून गेला कवाच. ह्ये बगा, अजून हितंच हाय. आदी पानावर पडतंय, मग पाल्यात मुरतंय, मग मुळीला धरून खाली. म्हनून वढा दिवाळी झाली तरी वाहतोय. ह्ये रान नसतं तर चार दिसांत समदं खाली आन् माती धरनात."

म्हणजे खालच्या धरणाआधी वर हे एक धरण होतंच. फक्त त्याला कोनशिला नाही आणि उद्घाटनाला कुणी मंत्री आला नव्हता.

"काका, वाघ?" एकाने विचारलं. कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, एवढं त्याने गाडीत वाचलं होतं.

"तुमचा दंगा ऐकून चांदोलीकडं गेला आसंल."

शेकरूही त्याच कारणाने दिसली नाही.

मग धरण. १०३ मीटर उंच, मागे शिवसागर, साठा सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, असं सांगताच वाणिज्य शाखेने एकदम रस घेतला. इथलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला जातं, चारशे मीटरांहून जास्त खाली कोसळतं, पोफळीच्या भूमिगत केंद्रात वीज करतं, मग कोळकेवाडीला अडवून त्याच पाण्याकडून पुन्हा वीज करून घेतात. नंतर वाशिष्ठीवाटे ते अरबी समुद्राला. एकदा पेपर लिहून पुन्हा पुरवणीला बसवल्यासारखं हे. किती पाणी वळवायचं तेही ठरलेलं: कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. लवादाची मर्यादा मोडायची नसते. आमची मात्र 'पंधरा मिनिटांत परत या' ही मर्यादा भजीच्या गाडीपाशी वाहून गेली.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा विषय निघाला तेव्हा मात्र पूर्ण वर्ग जागा झाला. जलाशयामुळे भूकंप होऊ शकतात, याच्या जगभरच्या चर्चेत कोयनेचं नाव येतंच, असं सर सांगत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी रेलिंग हलवलं. सरांचं वाक्य अर्धंच राहिलं; पुढच्या रांगेतल्यांनी उरलेलं ऐकायला थांबण्याची तसदीही घेतली नाही.

कुंभार्ली घाटाबद्दल मी फार लिहिणार नाही. खिडक्या कमी पडल्या.

चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावर कराडच्या एका पोराने नदीकडे बोट दाखवून जाहीर केलं, "सर, हे आमचं पाणी आहे."

वर्गात एक चिपळूणची मुलगी होती. "होतं," ती म्हणाली.

हा तंटा खानावळीत पोचला. कराडकरांचं म्हणणं, आमच्या वाट्याचं पाणी तुम्ही वापरता, भरपाई द्या. चिपळूणकरणीचं म्हणणं, त्या पाण्याची वीज तुमच्या घरातही येते, बिल दाखवते. सर दोन्ही बाजूंच्या मधोमध बसून सुरमईचे काटे काढत होते आणि निवाडा द्यायला तयार नव्हते. अखेर मीच लवाद झालो. कराडला ताटामागे एक जादा सोलकढी, खर्च चिपळूणचा.

चिपळूणने वाढप्याला हाक मारली, "दादा, यांना वाट्या द्या. आणि पैसे सरांकडून घ्या."