थांबायची तारीख कुठे लिहिलीय?

शहाद्याच्या एसटी स्टँडवर एका आजींनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. ही कशाची, म्हणाल्या. पट्टीत चारच गोळ्या. अलेंड्रोनेट, 70 मिलिग्रॅम. हाडं ठिसूळ झाली की देतात ती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत सगळी माहिती. इंग्रजीत.

कशी घेता, विचारलं. रात्री जेवण झालं की चहाच्या घोटाबरोबर. मग अंथरुणावर.

म्हणजे जे करायचं नाही, नेमकं तेच.

ही गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. एवढं पाळूनही रक्तात उतरतो तो गोळीचा शंभरावा हिस्साही नसतो. जेवणावर घेतली तर जवळजवळ काहीच उतरत नाही. वर लगेच झोपलं तर गोळी अन्ननलिकेत रेंगाळते आणि जखम करते. हाडाला फायदा नाही, छातीत मात्र आग. आणि गावात बोभाटा काय होतो? औषध वाईट!

औषध वाईट नाही. मणका आधीच मोडलेल्या बायकांवर अलेंड्रोनेटची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल 1996 मध्ये आले. खुब्याची मोडतोड निम्म्यावर आली होती. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडने मणक्याची मोडतोड 70 टक्क्यांनी कमी केली, ते 2007 साली. म्हातारपणी खुबा मोडला की माणूस खाटेला खिळतो. धडगावच्या पाड्यावरून त्याला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो. ते टळत असेल तर गोळी हवीच.

मग भीती खोटी का? तीही नाही.

नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा फवारा एकेकाळी हाडांसाठी सर्रास दिला जायचा. कर्करोगाची शंका आली आणि 2012 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने तो या कामासाठी बंद करायला सांगितलं. शंका घेणारा माणूस अडाणी नसतो.

आता जरा थांबून वाचा. अलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक या गटातली औषधं बरीच वर्षं चालू राहिली तर क्वचित मांडीचं हाडच मोडतं, न पडता, चालता-चालता. 2020 मध्ये अमेरिकेत जवळपास दोन लाख बायकांचा हिशेब मांडला गेला. दहा हजार गोऱ्या बायकांना तीन वर्षं औषध दिलं, तर खुब्याची 149 हाडं वाचतात आणि मांडीची 2 मोडतात. आशियाई वंशाच्या बायकांत वाचतात 91, मोडतात 8. सौदा तरीही फायद्याचाच. पण आपल्या बायकांसाठी तो तितका स्वस्त नाही, हे त्यांना कोणी सांगितलं?

औषध थांबवलं की हा धोका झपाट्याने उतरतो. म्हणून साधारण पाच वर्षं गोळ्या किंवा तीन वर्षं झोलेड्रॉनिकचं सलाईन झालं की डॉक्टरने पुन्हा तपासायचं आणि जमत असेल तर सुट्टी द्यायची. आजींची गोळी कधीपासून चालू आहे? त्यांना आठवेना. डॉक्टरच्या कागदावर सुरुवातीची तारीख नाही, थांबायची तर नाहीच.

मांडीचं हाड असं मोडण्याआधी अनेकदा मांडी किंवा जांघ आठवडेच्या आठवडे ठसठसते. ती धोक्याची खूण. आपल्याकडे मांडी दुखली की कामाने दुखते म्हणतात आणि तेल चोळतात.

दुसरं औषध या गोळी-सलाईनच्या अगदी उलट्या स्वभावाचं. डेनोसुमॅब. दर सहा महिन्यांनी कातडीखाली एक टोचणी. हे मध्येच सोडलं तर कमावलेलं हाड भराभर उतरतं आणि एकामागून एक मणके मोडू शकतात. सहाचे आठ महिने झालेले चालत नाहीत.

आणि आपला जिल्हा कसा? दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला गुजरातेत. आजी घरी राहते, पण तिला दवाखान्यात नेणारा मुलगा जातो. अशा घरात ही टोचणी सुरू करण्याआधी डॉक्टरने एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या टोचणीला तुम्हाला कोण आणणार?

वर्षातून एकदाचं सलाईन या जिल्ह्याला जास्त जुळतं. होळीला सातपुड्यातला माणूस कुठूनही घरी येतो. काठी गावची राजवाडी होळी चुकवायची नाही, हे कोणाला सांगावं लागत नाही. मग सलाईनची तारीख होळीच्या आठवड्यातच का ठेवू नये? फक्त पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, हे आधी सांगा. नाही सांगितलं तर ती बाई पुढच्या वर्षी फिरकत नाही.

पण सलाईन लावण्याआधी मूत्रपिंड तपासा. सिकलसेलचे रुग्ण या जिल्ह्यात बरेच सापडतात आणि तो आजार मूत्रपिंडावरही घाव घालतो. रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहा. तोंड उघडून दात पाहा. या औषधांवर असताना दात उपटला तर क्वचित जबड्याचं हाड सडतं. किडका दात आधी काढलेला बरा.

आणि ती गुडघेदुखीची पुडी! बाजारच्या दिवशी मिळते, दोन तासांत आराम देते. कित्येकदा तिच्यात स्टिरॉइड असतं. तेच महिनोन्‌महिने पोटात गेलं की हाड पोखरतं. हाडाच्या औषधाची भीती वाटणाऱ्या घरात ही पुडी मात्र बिनधास्त.

फुकटच्या शिबिरात टाचेला यंत्र लावून हाडं ठिसूळ ठरवतात, त्यावर वर्षानुवर्षांची गोळी सुरू करू नका. निदान ठरतं ते कंबर आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवर.

डॉक्टरसाहेब, कागदावर आणखी तीन ओळी लिहा. मराठीत. औषध कधी सुरू केलं, कसं घ्यायचं, कोणत्या महिन्यात पुन्हा तपासायचं. पावरी, भिली, अहिराणी बोलणारी एखादी सिस्टर तेच तोंडी सांगेल.

आजींच्या पट्टीवर मी पेनाने उगवता सूर्य काढला, शेजारी पाण्याचा पेला. त्यांनी ते चित्र दोनदा निरखून पाहिलं आणि पट्टी परत पिशवीत ठेवली. थांबायची तारीख मला लिहिता आली नाही. ती त्यांच्या डॉक्टरनेच लिहायची आहे.