पहिले तीन महिने तिला मोजू नका

एमबीबीएस झालेल्या मुलाच्या हाती कोणी लगेच वॉर्ड सोपवत नाही. वर्षभर तो इंटर्न असतो. त्याच्या वर रेसिडेंट, रेसिडेंटच्या वर लेक्चरर, सगळ्यांच्या वर युनिटचे सर. मुलगा अडला की विचारायला माणूस असतो, चुकला की ओरडायलाही असतो. आणि हे बरोबरच आहे.

नर्सिंग झालेल्या मुलीला हे मिळत नाही. चार वर्षांचं बीएस्सी किंवा तीन वर्षांचं जीएनएम संपतं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होते, नोकरी लागते. ओरिएंटेशनमध्ये तिला बायोमेट्रिक हजेरी, आग लागली तर बाहेर पडायची वाट आणि कॉम्प्युटरवरची एंट्री दाखवतात. मग ड्युटी लिस्ट लागते. त्यात तिचं नाव दहा वर्षं काढलेल्या सिस्टरच्या खालोखाल असतं आणि हिशेबात दोघी सारख्याच धरलेल्या असतात. थोड्याच दिवसांत नाईट. ज्या मुलीनं आजवर प्रत्येक इंजेक्शन कुणाला तरी दाखवून दिलं, तिच्याकडे रात्री अर्धा वॉर्ड असतो.

कोर्समध्ये इंटर्नशिप असते की, असं कॉलेजवाले सांगतील. असते. २०२१ पासून आलेल्या सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात बीएस्सीचं आठवं सेमिस्टर त्यासाठीच राखलं आहे. पण त्या महिन्यांत विद्यार्थिनींकडून काय करून घेतलं जातं, ते वॉर्डात जाऊन बघावं. बेड लावणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेणं, सॅम्पल लॅबला पोचवणं, पेशंट एक्स-रेला नेणं. जिथे स्टाफ कमी, तिथे विद्यार्थिनी हे फुकटचे हात. रिक्वायरमेंटच्या वहीवर सह्या पूर्ण होतात, केअर प्लॅन सुंदर अक्षरात लिहिले जातात. निर्णय मात्र तिला एकही घ्यावा लागत नाही.

माझ्या मते नर्सिंगमधलं सगळ्यात अवघड काम म्हणजे रात्री तीन वाजता डॉक्टरला फोन करणं. कॅन्युला लावायला हात बसला की जमतो. फोनचं तसं नाही. पेशंट "कसंतरीच होतंय" म्हणतो, बीपी ठीक दिसतं, पण तो मघापेक्षा अस्वस्थ आहे, घाम आलाय, उत्तरं तुटक देतोय. तिला काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, पण ते शब्दांत मांडता येत नाही. ती फोन करते. "सर, बारा नंबरला बरं नाही वाटत." पलीकडून झोपेतला आवाज: बीपी किती? पल्स किती? मग उठवलं कशाला? फोन बंद. दुसऱ्या रात्री ती फोन करत नाही. न केलेल्या फोनची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. पहाटे पेशंट गेला, तर रिपोर्टमध्ये लिहिलं जातं, अचानक प्रकृती खालावली.

हा फोन शिकवता येतो. मी कोण, कुठला पेशंट, आता काय झालंय, तो कशासाठी भरती आहे, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. एवढ्या क्रमानं अर्ध्या मिनिटात सांगायचं. वर्गात दोघी-दोघींनी बसून सराव करायचा, ट्युटरनं चिडलेल्या डॉक्टरचं सोंग घ्यायचं, आणि मुलीनं शेवटचं वाक्य गिळायचं नाही: "सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं." आपल्याकडे शेवटच्या वर्षाला अजून बेड बाथच्या पायऱ्या पाठ करून घेतात. त्याऐवजी हे वाक्य घोकून घ्या. वयानं, पदानं मोठ्या माणसाला असं ठणकावून सांगायचं आपल्या मुलींना घरीही कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून कॉलेजनं शिकवलंच पाहिजे.

तसाच श्वासाचा प्रश्न. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट उघडा. ताप खाली-वर, नाडी खाली-वर, आणि श्वासाच्या रकान्यात ओळीनं २०, २०, २०. इतक्या माणसांचे श्वास चोवीस तास सारखे चालत नाहीत. तो आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो. खरं तर श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, आणि पेशंट खालावायला लागला की बीपी पडण्याच्या आधी बऱ्याचदा श्वास वाढतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये धोक्याची गुणपद्धत आणली, तिच्यात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास झाले तर एकट्या त्या आकड्याला तीन गुण आहेत. तेवढ्यावरून पेशंट ताबडतोब बघावा असं ठरतं.

आता नवी मुलगी हे "२०" लिहायला कुठे शिकते? कॉलेजात नाही. तिथे तिला मिनिटभर मोजायलाच शिकवलेलं असतं. पहिल्या आठवड्यात ती मोजत बसते, तेव्हा शेजारची सिस्टर म्हणते, अगं, असं करत बसलीस तर दुपारपर्यंत टीपीआरच घेत राहशील. महिनाभरात तीही भरायला लागते. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये 'रिअॅलिटी शॉक' हे पुस्तक लिहिलं ते अमेरिकेतल्या याच दुखण्यावर: शाळेनं दिलेली मूल्यं एक, वॉर्डाची रीत दुसरी, आणि त्या दोन्हींमध्ये सापडून नव्या परिचारिका पेशाच सोडून जातात. कॅनडाच्या ज्युडी डचशर यांनी २००९ मध्ये त्याच धक्क्याचा पुढचा अभ्यास मांडला. पहिले तीन-चार महिने निव्वळ कामं उरकण्यात जातात आणि तेच सगळ्यात कठीण असतात, हे त्यातून दिसतं. इतक्या वर्षांची ही माहिती आहे. तरीही आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया एकच: "हल्लीच्या मुलींना सोसत नाही."

सोसण्याचा इथे संबंध नाही. इन्सुलिनचं उदाहरण घ्या. आपल्या बाजारात इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचं मिळतं आणि १०० युनिटचंही. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. औषध १०० चं आणि सिरिंज ४० ची हातात आली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेला डोस प्रत्यक्षात ५० युनिट होतो. मुलीला हे ठाऊक असतं, पेपरात तिनं लिहिलेलंही असतं. पण संध्याकाळी जेवणाआधी एकदम सहा जणांना इन्सुलिन द्यायचंय, एका बेडचे नातेवाईक सलाईन संपलं म्हणून डोक्यावर उभे आहेत, थिएटरमधून पेशंट परत आलाय, आणि मावशी विचारतायत ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे ठेवू. अशा वेळी आठवणीच्या भरवशावर राहायचं नसतं. शेजारी दुसरी सिस्टर लागते, जी सिरिंजकडे एकदा बघून "हो, दे" म्हणेल. काही औषधांना दोघींनी तपासायचं, हा नियम त्यासाठीच आहे. आणि दुसरी सिस्टरच नसेल, तर तो नियम भिंतीवरच्या कागदावर राहतो.

नसतेच दुसरी, हीच अडचण आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या नाईटला हे प्रमाण कुणाला दिसलं असेल तर मला जरूर कळवा. लिंडा आयकेन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्यांत, परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असं त्यात आढळलं. हा हिशेब सगळ्या परिचारिकांचा मिळून आहे. त्या रात्री ड्युटीवर महिनाभरापूर्वी आलेली मुलगी असेल तर काय, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

रुग्णालयात निदान हाक मारायला कोणी असतं. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नर्सिंगची पदवीधर मुलं-मुली काम करतात. डोंगरी आणि आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे ३,००० लोक धरलेले असतात, सपाटीवर ५,०००. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात. अंगावर सूज आलेली गरोदर बाई, सर्पदंश झालेला पोरगा, तापानं फणफणलेलं मूल पहिल्यांदा येतं ते त्या मुलीसमोर. वाट पाहायची की गाडी बोलवायची, हे तिनं तिथल्या तिथे ठरवायचं. तिला पदाआधी काही महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं, हे चांगलंच आहे. पण प्रशिक्षणानंतर पहिले काही आठवडे एखाद्या जुन्या आरोग्यसेविकेच्या सोबत बसायला मिळालं, तर ती दुप्पट लवकर तयार होईल. जुन्या आरोग्यसेविकांना गावातलं घरन् घर माहीत असतं.

चूक झाली की मात्र कायद्याला परिचारिका लगेच दिसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. या सवलतीत डॉक्टर येतो, परिचारिका येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. जबाबदारी इतकी पुरती द्यायची असेल, तर तयारीही पुरती द्या.

तयारी कशी द्यायची, हे अवघड कोडं नाही. न्यूझीलंडमध्ये नव्या परिचारिकेसाठी पहिल्या वर्षाचा वेगळा कार्यक्रम आहे. इंग्लंडमध्ये नव्या सिस्टरला अनुभवी जोडीदार देण्याची राष्ट्रीय चौकट २०२२ मध्ये आली. अमेरिकेतल्या कितीतरी रुग्णालयांत नर्स रेसिडेन्सी चालते. आणि आपलीच अनुभवी मुलगी जर्मनीला गेली, तर तिथे तिला आधी मान्यतेच्या प्रक्रियेतून जावं लागतं: ज्ञानाची परीक्षा, नाहीतर देखरेखीखालचा जुळवून घेण्याचा काळ. महाराष्ट्रानं जर्मनीच्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे परक्या देशात ती शिकाऊ ठरते, आणि इथे पहिल्याच महिन्यात अख्खी सिस्टर.

माझं मागणं सरळ आहे. पहिले तीन महिने नवी सिस्टर किंवा ब्रदर ड्युटी लिस्टच्या संख्येत धरू नये. पगार पूर्ण द्यावा. तिच्यासाठी एक सिस्टर नावानिशी नेमावी, दोघींच्या शिफ्ट एकच लावाव्यात, आणि शिकवणाऱ्या सिस्टरकडचे पेशंट त्या काळात कमी करावेत. इन्चार्ज सिस्टरवर हे काम लादू नये, तिच्यामागे इंडेंट आणि ऑडिट आधीच असतं. शिकवण्याचा भत्ता द्यावा. नव्या मुलीनं स्वतःची चूक सांगितली तर पगार कापू नये, नाहीतर ती पुढची चूक लपवेल.

पैसे कुठून, असं खासगी रुग्णालयं विचारतील. पैशाचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसऱ्या टोकाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीनं शिफारस केली होती की २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, आणि ५० खाटांखालच्या छोट्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत. आपल्या शहरातल्या नर्सिंग होममध्ये काय मिळतं, ते तिथल्या सिस्टरला विचारा. पगार नाही म्हणून अनुभवी सिस्टर सरकारी नोकरीत, आखातात, आयर्लंडला जाते. मग बाँड लिहून घेऊन, मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून नव्या मुली अडकवायच्या. आणि त्यांना शिकवायला जुनी उरलेली नसते. हे चक्र रुग्णालयांनी स्वतः फिरवलेलं आहे.

परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. त्याखालचे नियम लिहिणाऱ्यांनी पहिल्या तीन महिन्यांचं हे कलम घालावं, आणि त्याशिवाय रुग्णालयाला मान्यता देऊ नये.

तोवर वाचकांनी एक करावं. घरचं माणूस भरती करताना खोलीचं भाडं विचारता, तसंच विचारा: रात्री या वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, आणि नव्या सिस्टरसोबत जुनी कोण असते? हा प्रश्न मॅनेजरला विचारा. रात्री दोन वाजता त्या मुलीवर ओरडू नका.